फील्ड मॅपिंगचं टूल आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले हे टूल वापरतेय, एका सिस्टीमच्या डेटातलं कुठलं फील्ड (माहितीचा रकाना) दुसरीच्या कुठल्या फील्डमध्ये जायचं ते ठरवणारं; अशा जोडण्यांच्या एका संचाला मॅप म्हणतात. १४ मॅप लाइव्ह आहेत, २ पूर्ण फेकून परत केलेत, आणि एक असा आहे की त्याला हात लावायला कोणीच तयार नाही (मी पण नाही). टूलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या प्रकारच्या कुठल्याही टूलला लागू पडेल, आणि ज्यांनी वापरलंय त्यांना वर्णनावरून कळेलच.

आधी आमच्याकडे सगळं स्क्रिप्टमध्ये होतं. ज्याने लिहिली तो सोडून गेला आणि मग ती स्क्रिप्ट म्हणजे देवघरातल्या मूर्तीसारखी झाली, लांबून नमस्कार करायचा. त्यामुळे डेमोमध्ये डावीकडे सोर्सचा (जिथून डेटा येतो त्या सिस्टीमचा) स्कीमा, म्हणजे फील्ड्सची रचना, उजवीकडे टार्गेटचा (जिथे डेटा जातो तिचा), इकडचं फील्ड पकडा तिकडे सोडा, मधे निळी रेघ, खाली हिरवी टिक, हे बघून मला अक्षरशः भरून आलं. पहिला आठवडा मी सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवत होते. आता विचाराल तर सांगेन, रेघ ओढण्यात मुळात कधीच वेळ जात नव्हता. वेळ जातो तो या फील्डमध्ये नक्की काय भरलेलं असतं हे शोधण्यात, आणि त्यात टूल तुम्हाला काडीची मदत करत नाही, उलट कधीकधी सगळं कळलंय असा आव आणतं.

ऑटो-मॅपचंच घ्या. बटण दाबलं की नावं जुळवून रेघा टाकतं. आमच्या पहिल्या ऑर्डर मॅपमध्ये ६४ पैकी ४१ फील्ड्स त्याने आपणहून जोडली, मी खूश. त्यातल्या ५ चुकीच्या होत्या. ऑर्डरचं ‘स्टेटस’ त्याने पेमेंटच्या ‘स्टेटस’ला बांधलं, ‘डेट’ला ‘डेट’ बांधलं पण एक ऑर्डर घेतल्याची आणि दुसरी बिल केल्याची. दोन्हीकडे नाव तेच, टाइप (आकडा, मजकूर की तारीख तो प्रकार) तोच, त्यामुळे हिरवी टिक. या ५ शोधायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ४१ रेघा मी हाताने आरामात ओढल्या असत्या, आणि ओढताना प्रत्येकीचा विचार तरी झाला असता. आता मी ऑटो-मॅप फक्त पत्ता वगैरेच्या सेक्शनवर चालवते, बाकी हाताने.

आणि नावांवर तर अजिबात जाऊ नका. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण कोणीतरी जुना स्कीमा बघूनच केली असणार. एका सोर्समध्ये ‘रिमार्क_२’ नावाचं फील्ड होतं, मी सरळ सोडून दिलं, रिमार्क कोणाला हवाय. मग हिशोब बघणाऱ्या मॅडमना कॉलवर सहज विचारलं तर त्या म्हणाल्या, “अहो, ते सोडू नका हं, त्यात आम्ही उधारीचे दिवस टाकतो.” मी म्हटलं, मग ‘क्रेडिट_डेज’ म्हणून जे वेगळं फील्ड आहे ते? “ते होय, ते कधी चाललंच नाही.” झालं. हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये नव्हतं, कुठलं टूल सांगणार नव्हतं.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ही जरा सविस्तर सांगते कारण यात माझे तीन दिवस गेलेत. टूलला सॅम्पल फाइल दिली की ते स्वतः प्रत्येक फील्डचा टाइप ठरवतं. छान वाटतं. आमच्या सोर्सकडून ऑर्डर नंबर कोट्समध्ये, म्हणजे स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणूनच येत होता, पण आत सगळे आकडे दिसले म्हणून टूलने ठरवलं की हा नंबर. टेस्टिंगला ऑर्डर नंबर १००१, १००२ असे होते, सगळं सुरळीत. लाइव्हला गेलो आणि तिथले नंबर १७ आकडी, पुढे तारीख आणि मागे अनुक्रमांक, म्हणजे २०२४०३१५००००१२३४५ अशा छापाचे. पहिल्या बॅचला २०० ऑर्डर वाचल्या, २०० पाठवल्या, एरर शून्य, लॉग हिरवागार. टार्गेटमध्ये उघडून बघते तर पन्नासच्या आसपास.

मी आधी टार्गेटवाल्यांशी भांडले (सॉरी, त्यांची काही चूक नव्हती). मग तिसऱ्या दिवशी एक ऑर्डर घेऊन दोन्हीकडचे नंबर एकाखाली एक लिहिले आणि ट्यूब पेटली, शेवटचा आकडा वेगळा! सोर्सला …४६, टार्गेटला …४४. झालं असं की टूल आतून हे नंबर जावास्क्रिप्टसारखे ६४ बिटच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश आकडे साठवायची पद्धत) धरतं, आणि त्यात पूर्णांक बिनचूक राहतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, सोळा आकडे. त्याच्या पुढे गेलात की आधी सगळे विषम आकडे गायब, अजून पुढे गेलात की फक्त ४ ने भाग जाणारे उरतात, आमचे नंबर नेमके त्या पट्ट्यात. त्यामुळे लागोपाठच्या तीन किंवा पाच ऑर्डर मिळून एकच नंबर घेऊन जात होत्या, आणि टार्गेटला नंबर ही ‘की’ (नोंद ओळखायची खूण) होती, आधी असेल तर अपडेट कर अशी सेटिंग, म्हणजे नंतर आलेली ऑर्डर आधीचीला पुसत होती. बरं, एरर कोणी द्यायची? प्रत्येकाच्या मते त्याने आपलं काम नीटच केलं होतं.

उपाय दोन मिनिटांचा, टाइप दोन्हीकडे स्ट्रिंग करा. ज्यावर बेरीज-वजाबाकी करणार नाही तो नंबर नाहीच, ती स्ट्रिंग, हे आता मी नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगते. पोस्टल कोडच्या सुरुवातीची शून्यं पण याच भानगडीत उडाली होती. पण हे टाइप ओळखणं पूर्ण प्रोजेक्टसाठी एकदाच बंद करायची सोय नाही, प्रत्येक फील्डवर जाऊन बदलायचं, आणि नवीन सॅम्पल अपलोड केलं की परत आपल्या मनाने ठरवतं! सपोर्टला तिकीट टाकलंय, ‘प्रॉडक्ट टीमला कळवलं आहे’ एवढंच उत्तर.

तारखांचं काय सांगू, त्या तर पाचवीलाच पुजलेल्या. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा वाद सगळ्यांना माहितीये, तो सापडतो तरी, १३ तारीख आली की फुटतं. जास्त त्रास देते ती नुसती तारीख, जिला वेळच नाही. डिलिव्हरीची तारीख अशीच येत होती, टार्गेटला तारीख आणि वेळ दोन्ही हवं, टूलने मागे रात्री बाराची वेळ लावली आणि मग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलली, आणि तुमचा टाइमझोन यूटीसीच्या पुढे असेल तर रात्रीचे बारा म्हणजे आदल्या दिवशीची संध्याकाळ. सगळ्या डिलिव्हरी एक दिवस आधी. गंमत म्हणजे ज्याला आपण जुनाट म्हणून नाकं मुरडतो त्या एडिफॅक्टमध्ये (कंपन्यांनी एकमेकांना ऑर्डर-बिलं पाठवायचा फॉरमॅट) तारखेसोबत ती कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे त्याचा कोडच येतो, १०२ असेल तर आधी वर्ष मग महिना मग दिवस, विषय संपला. नवीन जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा आजचा फॉरमॅट) आपण हे सगळं अंदाजाने चालवतो.

रिकाम्या फील्डबद्दल पण लिहायलाच हवं, इथे मी एकदा भाजलेय. फील्ड आलंच नाही, फील्ड आलं पण नल (‘व्हॅल्यूच नाही’ अशी खूण) आहे, फील्ड आलं पण आत रिकामी स्ट्रिंग आहे, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रत्येक सिस्टीम त्यांचा आपापला अर्थ लावते. ओरॅकल डेटाबेस तर रिकाम्या स्ट्रिंगला नलच समजतो. जेसन मर्ज पॅच म्हणून नोंदीतला फक्त बदल पाठवायची जी पद्धत आहे (इंटरनेट स्टँडर्ड आरएफसी ७३९६, २०१४ ची) तिच्यात नल पाठवणं म्हणजे ‘हे फील्ड काढून टाक’ असा सरळ आदेश. आमचं टार्गेट याच पद्धतीचं निघालं. सोर्स फक्त बदललेली फील्ड्स पाठवायचा, टूल बाकीच्या जोडलेल्या फील्ड्समध्ये नल भरून पाठवायचं, आणि कोणी ईमेल बदलला की त्याचा फोन नंबर पुसला जायचा. ‘रिकामं असल्यास पाठवू नका’ असा चेकबॉक्स आहे टूलमध्ये, हो आहे, प्रत्येक रेघेच्या सेटिंगमध्ये तिसऱ्या टॅबवर, आणि डिफॉल्ट ऑफ. ऑफ का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता चांगलं पण सांगते, नाहीतर वाटेल नुसती रडतेय. लुकअप टेबल झकास आहेत. सोर्सचा ‘पी’ म्हणजे टार्गेटचा ‘पेंडिंग’ वगैरे जोड्या एकदा भरल्या की सगळ्या मॅपमध्ये वापरता येतात, आणि ऑफिसमधलं नॉन-टेक्निकल माणूस स्वतः येऊन त्यात ओळ वाढवू शकतं, मला बोलवावं लागत नाही. फक्त एक करा, जोडी सापडली नाही तर डिफॉल्ट व्हॅल्यू टाकायचा जो पर्याय आहे तो वापरू नका, एरर येऊ द्या. आम्ही डिफॉल्ट ‘पेंडिंग’ ठेवलं होतं, सोर्सने नवीन ‘रद्द’ असा स्टेटस आणला आणि रद्द झालेल्या ऑर्डर दोन आठवडे पेंडिंग म्हणून पॅक होत राहिल्या. देशांच्या कोडच्या टेबलमध्ये मात्र या टूलला मानलं, नॉर्वेचा ‘एनओ’ आणि नामिबियाचा ‘एनए’ दोन्ही जसेच्या तसे गेले. यॅमल या सेटिंग लिहायच्या फॉरमॅटच्या जुन्या १.१ नियमात पहिल्याचं ‘नाही’ होतं आणि पायथनमध्ये पांडास या लायब्ररीने सीएसव्ही फाइल वाचली की दुसरा ‘माहिती नाही’ होऊन बसतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये आम्ही दोन्ही भोगलेत.

प्रिव्ह्यू पण आवडला, डावीकडे सॅम्पल टाका, उजवीकडे आउटपुट लगेच दिसतं, कुठल्या आउटपुटला कुठली रेघ ते पण हायलाइट होतं.

पण घोडं पेंड खातं ते याद्यांपाशी. एका फील्डला एक फील्ड हे सगळं डेमोपुरतं, खऱ्या ऑर्डरमध्ये आत आयटमची यादी असते, शेजारी पार्सलची यादी, आणि टार्गेटला सपाट रो (ओळी) हवे असतात. समजा ३ आयटम, २ पार्सल. दोन्ही याद्यांमधून एकाच टार्गेट रोवर रेघा ओढल्या की टूल काही न विचारता गुणाकार करतं आणि ६ रो देतं, म्हणजे प्रत्येक आयटम दोनदा आणि एकूण नग दुप्पट. सॅम्पलमध्ये एकच पार्सल होतं म्हणून प्रिव्ह्यूत कळलं नाही, ३ गुणिले १ तीनच. यासाठी लूप (यादीतल्या एकेका गोष्टीवरून फिरणं) बाहेरचा कुठला, आतला कुठला, कुठला आयटम कुठल्या पार्सलमध्ये हे कशावरून जुळवायचं, हे सगळं सांगावं लागतं आणि ते सांगायची टूलची स्क्रीन म्हणजे निव्वळ कोळ्याचं जाळं, रेघांवर रेघा, झूम केलं की दोन्ही टोकं एकदम दिसत नाहीत. शेवटी मी तेवढा भाग एक्सप्रेशनमध्ये (टूलमधल्या सूत्रात) हाताने लिहिला, अकरा ओळी, आणि जो मॅप कोणी उघडत नाही म्हटलं तो हाच. म्हणजे फिरून स्क्रिप्टच आली की!

देवनागरी मजकूर पाठवणाऱ्यांसाठी एक छोटीशी सूचना. टार्गेटच्या फील्डची लांबी ४० लिहिलेली असेल तर ते ४० अक्षरं की ४० बाइट हे विचारून घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, वेलांटी आणि हलन्त पण मोजले जातात, त्यामुळे नुसतं ‘श्री’ म्हटलं की १२ बाइट संपले. टूलचं ‘लांबी कापा’ फंक्शन अक्षरं मोजतं, टार्गेट बाइट मोजत होतं, आणि नावं अशी मधेच तुटून पुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येत होता.

व्हर्जनचं सांगून थांबते. मॅप सेव्ह होतो तो एका लांबलचक एक्सएमएल फाइलमध्ये, आणि तुम्ही एखादी रेघ जरा सरकवली तरी तिचे स्क्रीनवरचे कोऑर्डिनेट बदलतात, त्यामुळे दोन व्हर्जनमधला फरक बघायला गेलं की दोनशे ओळी लाल-हिरव्या आणि खरा बदल एक. म्हणून आम्ही वेगळी एक्सेल शीट ठेवतो, सोर्स फील्ड, टार्गेट फील्ड, नियम, आणि शेवटचा कॉलम ‘कोणी सांगितलं आणि कधी’. हा शेवटचा कॉलम माझी अक्कल, आणि सगळ्यात जास्त उघडला जातो तो हाच. टूलमध्ये प्रत्येक रेघेवर नोट टाकता येते पण एक्सपोर्ट करता येत नाही, मग काय उपयोग.

घ्यावं का? तुमच्याकडे दोन-तीन सिस्टीम आणि सरळ सपाट डेटा असेल तर डोळे मिटून घ्या. सहा-सात असतील तर आधी मधला एक सामाईक स्कीमा ठरवा, कारण ६ सिस्टीम प्रत्येकीला प्रत्येकीशी दोन्ही बाजूंनी जोडायच्या म्हटलं तर ३० मॅप होतात, मधला स्कीमा ठेवला तर १२. आम्ही तो ठरवला नाही, आता जड जातंय. आत आत गुंतलेल्या याद्याच जास्त असतील तर ट्रायलमध्ये स्वतःचीच सगळ्यात वाईट फाइल टाकून बघा, त्यांनी दिलेलं सॅम्पल नको.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. टाइप ओळखणं बंद करायचं बटण आलं तर चार करेन, तिकीट अजून ओपन आहे.