चिनी भाषांतराचं ॲप आठ महिने वापरल्यावर: बातम्या पास, लेबलं काठावर

मी कोथरूडमध्ये घरी बसून एका एजन्सीचं इंग्रजी-चिनी काम करते. रोज शेअर बाजाराच्या दहाएक बातम्या आणि अधूनमधून ट्रेडिंगच्या पडद्यावरची लेबलं. शांघायचा बाजार आपल्या सकाळी 7 वाजता उघडतो, त्यामुळे पहिली खेप चहाच्या आधीच जाते. त्यासाठी गेले आठ महिने पैसे भरून एक ॲप घेतलंय. नाव लिहीत नाही. जाहिरात नको आणि भांडणही नको.

बातम्यांना ते चांगलं आहे. कंपन्यांचे निकाल, व्याजदर असा मजकूर आला की पहिला खर्डा तयार मिळतो, माझा निम्मा वेळ वाचतो. गोल्डमन सॅक्सचं 'काओशंग', सिटीबँकेचं 'ह्वाछी' ही रुळलेली नावं त्याला पाठ आहेत. सेन्सेक्सचं त्यानं 'मुंबई संवेदनशील निर्देशांक' केलं तेव्हा मी हसून खोडलं. मग आठवलं, सेन्सेक्स हे नाव मुळात सेन्सिटिव्ह आणि इंडेक्स जोडूनच झालंय. खोडलेलं गुपचूप परत घातलं.

लेबलांना मात्र मागेपुढे वाक्य नसतं, आणि तिथे ते आपटतं. तक्त्यातल्या 'क्लोज'चं त्यानं 'क्वानपी' केलं, म्हणजे खिडकी बंद करा. बाजार बंद होतानाच्या भावाला 'शौफान' म्हणतात. 'चेंज' हा भावातला फरक, त्याचं झालं 'दुरुस्त करा'. शिवाय खरेदी आणि विक्री, दोन्ही शब्द 'माय'च; फरक सुराचा. लिहिताना खरेदीच्या अक्षरावर एक छोटी फुली चढवली की विक्री होते. बारीक टायपात आपल्या अनुस्वारासारखी ती नजरेतून सुटते, आणि हिशेब उलटा.

सगळ्यात महाग पडला तो लाल रंग. 'आशियाई बाजार लाल रंगात' अशा अर्थाचा इंग्रजी मथळा होता, म्हणजे पडझड. ॲपनं रंग तसाच ठेवून 'फ्याओहोंग' लिहिलं. चीनमध्ये भाव चढला की आकडा लाल आणि पडला की हिरवा, म्हणून 'फ्याओहोंग' म्हणजे तेजी. घाईत मीही तो मथळा तसाच पाठवला. तासाभरात एजन्सीचा फोन: मथळ्यात तेजी, खाली मंदी, वाचायचं काय? दोष ॲपचा, पण बोलणी मीच खाल्ली.

आकड्यांचं थोडं वेगळं. चिनी मोजणी दहा हजारांचा 'वान' आणि दहा कोटींचा 'यी' अशी चालते. एक बिलियन म्हणजे दहा यी, पण दोनदा ॲपनं बिलियनचा सरळ यी केला आणि रक्कम दहापट घटली. मी आता बिलियन आधी मनात कोटीत आणते, मग एक शून्य उडवून यी. शंभर कोटी, दहा यी. आणि गंमत बघा, आपले 'लाख कोटी' आणि त्यांचे 'वान यी' अगदी एकच रक्कम, एकावर बारा शून्यं. इंग्रजीवाल्यांना त्यासाठी ट्रिलियन हा वेगळा शब्द लागतो.

लेबलांवर उपाय निघाला तो ॲपमधल्या शब्दसूचीतून; कुठल्या शब्दाला कुठला चिनी शब्द हवा ते तीत आपणच भरायचं. पहिले दोन महिने मी ती उघडलीच नव्हती, हा माझा आळस. आता तीत दोनशेच्या वर शब्द आहेत आणि 'क्लोज' बहुतेक वेळा बरोबर येतो. पण सूची एकच. दुसऱ्या ग्राहकाच्या पडद्यावर 'क्लोज' खरंच खिडकी बंद करायला असतो, तिथे हीच सूची काम बिघडवते. हाँगकाँगच्या ग्राहकासाठी पारंपरिक लिपी निवडली तरी शब्द मुख्य भूमीतलेच येतात, ते हातानं बदलते.

बातम्यांसाठी वर्गणी पुन्हा भरली आहे. लेबलांचं पान अजून कागदावर छापते आणि दोन्ही 'माय' पेन्सिलीनं गोल करून बघते.