भोपळ्यातली म्हातारी: मराठी सांगावी की बंगाली?

गाभा एकच. म्हातारी पाहुणी निघते, मराठीत लेकीकडे, बंगालीत नातीकडे. वाटेत जनावरं अडवतात. 'जाडजूड होऊन येते, मग खा' म्हणून ती सटकते आणि परतताना भोपळ्यात बसते. लहानग्याला कुठली सांगायची, हे ठरवायचं तर आधी शेवट बघा.

'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणणारी बहुतेक वेळा सुखरूप घरी पोचते. बंगालीत (उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या 'टुनटुनीर बोई' या गोष्टींच्या पुस्तकात हे रूप आहे) अस्वल आणि वाघ फसतात, कोल्हा मात्र भोपळा फोडतो. मग म्हातारी आपल्या दोन कुत्र्यांना हाक मारते आणि कोल्ह्याचा जीव जातो. झोपताना हे नको.

पाठांतराला मराठी सोपी: जनावरं वाढवा, बदला, ओळ तीच. फक्त परतताना क्रम उलटा ठेवा. चुकलं की पोरं लगेच पकडतात. बंगालीत कोल्हा शेवटीच हवा, नाहीतर गोष्ट मध्येच संपते. तिथलं गाणं मात्र झकास! दुध्या गडगडतो, आत म्हातारी पोहे-चिंच खात चिंचोके फेकते.

पाचाच्या आतल्यांना मराठी. 'कोल्ह्याला कसं कळलं?' विचारणाऱ्या सात-आठ वर्षांच्यांना बंगाली.