फ्रेम झकास, पट्टी मात्र तिसऱ्या खेपेला

घरातला बाबासाहेबांचा फोटो ओल लागून डागाळला, म्हणून नवीन करायला टाकला. दुकान अमळनेरच्या बाजारातलंच, दोन माणसं उभी राहिली की भरतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

फोटोखाली पितळी रंगाची पट्टी लावून देतात. मजकूर कागदावर लिहून दिला होता, तरी पट्टीवर आलं 'भारताचे पहिले कायदामंत्री'. कॉम्प्युटरात तेच भरून ठेवलंय म्हणे. वडिलांनी चष्मा पुसून वाचलं आणि फ्रेम परत सरकवली. "कायदामंत्री सर्वासले ठाऊक शे भो. मजूरमंत्री व्हतात, हाई कोनी लिखत नही."

दुकानातल्या पोराला खरंच ठाऊक नव्हतं. मग काउंटरवरच वडिलांची पाळी सुरू झाली. 1942 ते 1946 बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं. कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आणायचं विधेयक त्यांनीच 1946 मध्ये मांडलं. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा कायदा 1948 चा, पण त्याचा पाया असलेला अडारकरांचा अहवाल 1944 मध्ये त्यांच्याच खात्याकडे आला. वडिलांनी प्रताप मिलमध्ये मागावर 22 वर्षं काढली. भोंगा झाला की हात झटकून बाहेर पडायचो, कुणाच्या बापाला विचारायचो नाही, हे त्यांनी मराठीत, अहिराणीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती. पोरगा ऐकत राहिला, हे त्याचं कौतुक.

दुसरी पट्टी आली 'मजुरमंत्री'. ऊकार ऱ्हस्व! ती मी परत पाठवली, वडिलांना चाललं असतं. तिसरी बरोबर आली, जास्तीचा रुपया घेतला नाही.

एकूण 650 रुपये. फ्रेमची चौकट फायबरची असली तरी कोपरे घट्ट जुळलेत, मागे पुठ्ठ्याऐवजी प्लाय, काचेत बुडबुडा नाही. हुक मात्र कॅलेंडर टांगायच्या लायकीचा. घरी येऊन बदलला.

घाई होती 31 जुलैची. 1937 मध्ये त्या दिवशी बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते, वडील दरसाल एसटीने जातात. फ्रेम 29 ला मिळाली. यंदा निघण्याआधी त्यांनी पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये काढून घेतला, तिथे दाखवायला.