यंत्रमागाच्या शेडमधील आर्द्रता संगणकावर: एक्सबी एस२सी संचाचे परीक्षण

सोलापूरच्या उन्हाळ्यात शेडमधील हवा कोरडी पडली की सुती धाग्याची ताकद आणि लवचीकता दोन्ही घटतात, ताणा वारंवार तुटतो, आणि माग थांबवून गाठी मारण्यातच कारागिराची पाळी संपते. भिंतीवरचे एकुलते आर्द्रतामापक दारापाशी काय चालले आहे आणि पत्र्याखालच्या मागच्या रांगेत काय, हे सांगू शकत नाही. त्यासाठी अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ठिकठिकाणी बिनतारी सेन्सर नोड (सेन्सर आणि रेडिओ मॉड्यूल असलेले छोटे मोजणी-केंद्र) बसवले आणि त्यांची मोजणी केबिनमधील संगणकावर आणली. त्याकरिता वापरलेल्या डिजी कंपनीच्या एक्सबी एस२सी झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी जाळ्याची पद्धत) मॉड्यूलचे आणि युएसबी अडॅप्टरचे हे परीक्षण आहे.

या मॉड्यूलचा पहिला गुण असा की नोडवर वेगळा मायक्रोकंट्रोलर (छोटी संगणक-चिप) लागत नाही. ॲनालॉग सेन्सर थेट मॉड्यूलच्या पिनला जोडून किती वेळाने नमुना घ्यायचा ते ठरवून दिले की काम सुरू होते. मात्र पिन ० ते १.२ व्होल्टपर्यंतच मोजते, त्यामुळे सेन्सरचा जास्त व्होल्टेज दोन रेझिस्टरनी विभागूनच आत द्यावा लागतो. मोजणी १० बिटांची असते. आलेल्या आकड्याला १२०० ने गुणून १०२३ ने भागले की मिलिव्होल्ट मिळतात.

संगणकाच्या बाजूला खरे महत्त्व एपीआय मोडला आहे. साध्या, पारदर्शक मोडमध्ये सगळ्या नोडचे बाइट एकापाठोपाठ एक येतात आणि कोणता आकडा कोणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. एपीआय मोडमध्ये मात्र प्रत्येक मोजणी स्वतंत्र चौकटीत येते: आरंभी हेक्स (सोळा-आधारी अंकपद्धतीत) ७ई, म्हणजे १२६, हा बाइट, मग दोन बाइटांत लांबी, मग चौकटीचा प्रकार, जो नमुन्यासाठी हेक्स ९२ असतो, त्यानंतर पाठवणाऱ्याचा ६४ बिटांचा पत्ता, पुढे मोजणी आणि शेवटी चेकसम, म्हणजे चौकट बिघडली का ते तपासण्याचा आकडा. एका ॲनालॉग मोजणीची संपूर्ण चौकट अवघी २२ बाइटांची. ६४ बिटांचा पत्ता मॉड्यूलवरच छापलेला असल्याने तो मागाच्या क्रमांकाशी जोडून ठेवला की पायथॉनमधील छोटा प्रोग्राम प्रत्येक आकडा योग्य रकान्यात टाकतो, आणि चेकसम न जुळणारी चौकट सरळ टाकून देता येते. मला तर या एका सोयीसाठीच हा संच घ्यावासा वाटतो.

डिजीचा एक्ससीटीयू हा मोफत प्रोग्राम नोड शोधणे, त्यांचे जाळे नकाशावर पाहणे आणि कच्च्या चौकटी वाचणे यासाठी उत्तम आहे. रोजच्या नोंदीसाठी मात्र स्वतःचा प्रोग्रामच लिहावा. चौकटीत वेळेची नोंद नसते, ती संगणकाने लावायची असते, म्हणून संगणकाचे घड्याळ अचूक हवे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: संगणक बंद असताना आलेली मोजणी कोऑर्डिनेटर (संगणकाच्या बाजूचे, जाळे उभारणारे मॉड्यूल) साठवून ठेवत नाही, ती गेली ती गेलीच. वीज गेल्यावर राउटर (इतर नोडची मोजणी पुढे पाठवणारी मॉड्यूल) आपले जाळे लक्षात ठेवून परत जोडले जातात, हे चांगले आहे; पण संगणकालाही बॅकअप हवा.

पल्ल्याबाबत कंपनी मोकळ्या मैदानात १२०० मीटर आणि इमारतीत ६० मीटर सांगते. लोखंडी मागांच्या रांगांमधून सिग्नल जाताना इमारतीचा आकडाही गृहीत धरू नये. शेडच्या मध्यावर, मागांच्या उंचीपेक्षा वर, एक राउटर विजेवर कायम चालू ठेवावा. कार्यालयात वायफाय असेल तर दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, म्हणून कार्यालयातील वायफायचा चॅनेल १ किंवा ६ ठेवून एक्सबीला वरच्या टोकाचा, २५ क्रमांकाचा चॅनेल द्यावा.

मॉड्यूलच्या पिन २ मिलिमीटर अंतरावर असल्याने नेहमीच्या ब्रेडबोर्डवर बसत नाहीत, अडॅप्टर घ्यावाच लागतो. आम्ही आधी घेतलेल्या एका बिननावी अडॅप्टरचे सॉकेट मागांच्या धक्क्याने सैल व्हायचे. एफटीडीआय कंपनीच्या युएसबी चिपचा, घट्ट सॉकेटचा अडॅप्टर घेतल्यावर ती कटकट थांबली. एकदोनच नोड हवे असतील आणि शेडभर वायफाय पोहोचत असेल, तर ईएसपी८२६६ ही वायफाय चिप स्वस्तात भागवते. नोड जास्त आणि बॅटरीवर झोपवून ठेवायचे असतील, तर एक्सबीच घ्यावा.