जुन्या शेड्युलरच्या नावाखाली विकलेली झिप: वेर्ण्यातली फसवणूक

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पेंटाहोच्या केटल या डेटा गोळा करणाऱ्या साधनात बांधलेले जुने जॉब रोज रात्री साठ्याचा आणि विक्रीचा डेटा गोळा करत असत. जॉब लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला, सर्व्हर बदलला, आणि ते वेळेवर चालवणारी जुनी युटिलिटी, म्हणजे शेड्युलर, कुठेच सापडेना. तेवढ्यात एक विक्रेता भेटला. मूळ कंपनीने बंद केलेला, बाजारात न मिळणारा शेड्युलर परवान्यासकट देतो, म्हणाला. ७५ हजार रुपये आगाऊ गेले आणि हाती एक झिप आली. तिच्यात काय होतं ते नीट पाहा, कारण हाच माल नाव बदलून पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात मारला जाईल.

आत होती केटलसोबत फुकट मिळणारी, जॉब चालवणारी ‘किचन’ ही स्क्रिप्ट, क्रॉनची (लिनक्समधल्या फुकट वेळापत्रकाची) एक ओळ आणि ‘लायसन्स’ नावाची एक जार, म्हणजे जावा प्रोग्रॅमची फाईल. केटल २००५ मध्ये मुक्त स्रोत झालं, आणि पुढच्या कित्येक आवृत्त्या अपाचे २.० परवान्याखाली निघाल्या. पैसे घेऊन विकणं त्या परवान्यात बसतं. परवान्याची प्रत आणि हक्कसूचना काढून दुसऱ्याचं काम आपलं म्हणून देणं बसत नाही. इथे त्या दोन्ही फाईली गायब होत्या.

खरं नुकसान त्या जारने केलं. ९० दिवस उलटल्यावर ती किचनला हाकच मारत नव्हती, तरी लॉगमध्ये ‘जॉब पूर्ण’ लिहीत होती, आणि स्क्रिप्टची शेवटची ओळ होती ‘एक्झिट ०’, म्हणजे ‘सगळं ठीक’. सगळं हिरवं दिसत राहिलं. हिशेब खात्याला अखेरचा साठा रोज तोच दिसू लागला तेव्हा कुठे शोध सुरू झाला, आणि विक्रेत्याने ‘नूतनीकरणा’चे ४० हजार मागितले.

म्हणून जुनी युटिलिटी घेताना पहिली परीक्षा एक्झिट कोडची, म्हणजे काम संपताना प्रोग्रॅम जो आकडा देतो त्याची. नेटवर्कपासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनवर मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या टेबलाचा जॉब चालवा आणि लगेच $? (शेवटच्या आज्ञेचा एक्झिट कोड) छापून पाहा. किचन यशाला ०, जॉबमध्ये चुका झाल्यास १, आणि जॉब फाईलच उघडता आली नाही तर ७ देतं. मोडलेल्या जॉबला ० आला तर मधे कुणीतरी उत्तर दाबतंय. मात्र लगेच चोर ठरवू नका: किचनचं आउटपुट पाइपने ‘टी’ या प्रत ठेवणाऱ्या आज्ञेकडे वळवलं असेल तर मिळणारा ० हा ‘टी’चा असतो, बॅशमध्ये ‘पाइपफेल’ (पाइपमधलं अपयश लपू न देणारा पर्याय) लावून पुन्हा तपासा. केटलसारखंच दुसरं साधन असलेल्या डेटास्टेजवाल्यांसाठी नियम वेगळा. तिथल्या ‘डीएसजॉब’ या आज्ञेला जॉबस्टॅटसचा पर्याय दिला की १ म्हणजे यशस्वी आणि २ म्हणजे इशाऱ्यांसह पूर्ण.

नंतर त्याच मशीनची तारीख ४०० दिवस पुढे ढकलून एक चांगला जॉब चालवा. कालबद्ध कुलूप असेल तर बहुधा इथेच उघडं पडतं. जार म्हणजे शेवटी झिपच. ती उघडून ‘सीएफआर’सारख्या डीकंपायलरने (तयार प्रोग्रॅममधून वाचता येणारा कोड काढणाऱ्या साधनाने) तारखेची तुलना आणि बाहेरचे पत्ते शोधा. केटलच्या लिब फोल्डरमध्ये ‘केटल-इंजिन’ ही जार असते आणि तिच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते. विक्रेता सांगतो ती आवृत्ती आणि ही जुळतात का पाहा.

बहुतेक वेळा विकत घ्यायला काही नसतंच. जुन्या सर्व्हरची डिस्क वा बॅकअप हाताशी असेल तर आधी जुन्या वापरकर्त्याचा क्रॉनटॅब (क्रॉनच्या ओळींची यादी) आणि त्याच्या होम फोल्डरमधलं ‘.केटल’ हे केटलच्या सेटिंग्जचं लपलेलं फोल्डर शोधा. खरी किंमत त्याची. केटल-होम या चलाचा रोख ‘.केटल’कडे नको, ते ज्याच्या आत आहे त्या फोल्डरकडे हवा. इथे चुकलं की चलं रिकामी राहतात आणि जॉब भलत्याच डेटाबेसकडे धावतो. क्रॉनला तुमचा नेहमीचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळत नाही, तेव्हा जावा कुठे आहे ते सांगणारं जावा-होम स्क्रिप्टमध्येच लिहा. कालची फेरी लांबली तर दुसरी तिच्यावर चढू नये म्हणून ‘एफलॉक -एन’ लावा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) असेल तर आपल्या रात्री १:३० ला तिथे आदल्या दिवसाचे २०:०० वाजलेले असतात; ‘काल’ची तारीख काढणारा जॉब एक दिवस मागे जातो. आणि क्वार्ट्झ या जावाच्या शेड्युलरची वेळ क्रॉनमध्ये तशीच डकवू नका. क्वार्ट्झमध्ये पहिला रकाना सेकंदांचा आणि रविवार १, क्रॉनमध्ये सेकंद नाहीत आणि रविवार ०. वाराचा आकडा तसाच ठेवला तर सोमवारचा जॉब मंगळवारी चालेल.

झिप बसवून झाली असेल तर डेटाबेसचे सगळे पासवर्ड आजच बदला. केटलच्या फाईलींत ‘एन्क्रिप्टेड’ शब्दाने सुरू होणारा पासवर्ड दिसतो, पण मूळच्या पद्धतीत तो फक्त झाकलेला असतो आणि सहज उलटवता येतो. ‘.केटल’ फोल्डर विक्रेत्याला पाठवलं असेल तर पासवर्ड त्याच्याकडे आहेतच असं धरा. नवीन खात्याला लागतील तेवढ्याच टेबलांचा अधिकार द्या.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ क्रमांक), मूळ ईमेल आणि बिल जपून ठेवा. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा. गोव्यातल्या नोंदणीचा क्रमांक ३० ने सुरू होतो. या प्रकरणात विक्रेता पणजीचा पत्ता सांगत होता, आणि बिलावरचा क्रमांक पोर्टलला ओळखीचाच नव्हता. मूळ झिप उघडण्याआधी तिचा एसएचए-२५६ (फाईल बदलली नाही हे दाखवणारा ठसा) काढून लिहून ठेवा आणि तपास फक्त तिच्या प्रतीवर करा.