हेलिकॉइलचे पैसे घेतले आणि आत भरलं एम-सील

राजापूर, लांजा, कणकवली, या पट्ट्यात कोणी गाडीची क्लचप्लेट बदलायला टाकणार असेल तर हे वाचून जा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, हायवेला लागून आहे एवढंच.

क्लचप्लेटला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, त्यासाठी आधी त्याच्यावरचं माउंटिंग, म्हणजे गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणारा भाग, सोडवतात. माझ्या गाडीत ते तीन बोल्टवर आहे आणि आटे थेट गिअरबॉक्सच्या केसमध्येच पाडलेले. केस अॅल्युमिनियमची, बोल्ट लोखंडाचा, वर आपली खारी हवा आणि चार महिने पाऊस, मग अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आत जाम होऊन बसतो. असा बोल्ट तेल सोडून, थोडा वेळ मुरू देऊन हाताने मागेपुढे करत काढायचा असतो. आमच्या मेस्त्रीने सरळ इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देऊन बोल्ट फिरवणारं मशीन, लावली. बोल्ट आले ते आट्यांची साल गुंडाळूनच.

संध्याकाळी फोन आला, "दादा, तुमच्या केसचे आटे गेलेत, जुनीच होती, नवीन केस घेतलीत तर तीस हजाराच्या खाली नाय, नायतर हेलिकॉइल मारून देतो, तिन्हीचे साडेचार हजार." आधी तीस हजार ऐकवलं की साडेचार स्वस्त वाटतात, हा त्यांचा जुना धंदा. बिलावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, हेलिकॉइल 3 नग.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग. खराब भोक थोडं मोठं ड्रिल करायचं, हेलिकॉइलचा वेगळा टॅप येतो त्याने नवीन आटे पाडायचे आणि त्यात ती स्प्रिंग फिरवून बसवायची. आतून माप पहिल्याइतकंच राहतं, म्हणजे कंपनीचाच बोल्ट परत बसतो. नीट बसवली तर अॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा ती मजबूत असते, त्यामुळे हेलिकॉइल या प्रकारालाच कोणी नावं ठेवू नका, काम एक नंबर आहे, फक्त ते केलेलं असलं पाहिजे.

घरी आणली तेव्हा गाडी छान चालत होती. नंतर रिव्हर्स टाकला की डाव्या बाजूला धप्प आवाज यायला लागला, फोन केला तर म्हणे नवीन क्लच आहे, सेट होईल. मग कोल्हापूरला जाताना अणुस्कुरा घाटात दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की गिअरचा दांडा हातात उडायला लागला. कशीबशी उद्यमनगरात नेली, तिथल्या लेथवाल्याने टॉर्च मारली तर एक बोल्ट गायबच, आणि दुसरा त्याने पाना न लावता बोटांनी फिरवून काढला. बोल्टाबरोबर राखाडी रंगाचा गठ्ठा बाहेर आला, वर आट्यांचे ठसे उमटलेले आणि मध्ये पांढऱ्या टेफ्लॉन टेपची चिंधी. "ओ, ही तर लांबी भरलीया की," म्हणाला. एम-सील! टाकीची, पाइपाची गळती थांबवायला ठीक आहे हो, पण माउंटिंगवर गिअरबॉक्सचं वजन आणि इंजिनचा हिसका दोन्ही येतात, तिथे ते किती टिकणार.

तिसऱ्या भोकात तर मोठा बोल्ट ठोकून घुसवलेला, त्याने केसला चीर गेली होती, म्हणून ती जागा आर्गन वेल्डिंगने भरून परत ड्रिल आणि टॅप करावी लागली, तेलाने माखलेलं अॅल्युमिनियम वेल्डिंग धरत नाही म्हणून आधी धुण्यातच अर्धा दिवस गेला. उरलेल्या दोन भोकांत त्याने माझ्यासमोर हेलिकॉइल बसवली, टॅपला ग्रीस लावून, चुरा त्यालाच चिकटून बाहेर यावा म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी बोल्ट लावायच्या आधी भोक बघायला मागा, टॉर्च मारली की स्प्रिंगचे स्टीलचे वेढे चकचकीत दिसतात, पहिला वेढा कडेच्या किंचित आत असतो. बोल्ट जुन्याच मापाचा हवा, "जरा मोठा टाकलाय" म्हणाला की समजा हेलिकॉइल नाही. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तेही विचारा, दहा एमएमचा बोल्ट 1.25 आणि 1.5 दोन्हीत मिळतो आणि चुकीचा जोर लावून घातला की नवे आटेही जातात. भोक दाखवायला टाळाटाळ केली तर गाडी तशीच टो करून दुसरीकडे न्या, आमच्याकडे क्रेनवाल्याचं भाडं या सगळ्यापेक्षा कमी पडलं असतं.

आता गॅरेजवाला म्हणतो, घाटात तुम्ही रेमटवली असणार. बिल आणि तो गठ्ठा दोन्ही माझ्याकडे आहेत, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, त्याला दोन वर्षांची मुदत असते. परवा त्याचा माणूस निम्मे पैसे घेऊन आला होता, तक्रार मागे घ्या म्हणून. घेतले नाहीत.