चालू टाकी

माशांच्या टाकीच्या त्या जाहिरातीत एकच शब्द ठळक केलेला होता: चालू. ‘चार फुटी सॉल्टवॉटर टाकी, चालू सेटअप, सर्व सामानासकट, बदलीमुळे तातडीने देणे आहे.’ किंमत ४५ हजार. चालू या शब्दाचा आपल्याकडे दुसरा अर्थ काय होतो ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मला त्रेचाळिसाव्या वर्षी ते पैसे मोजून शिकावं लागलं.

मी डोंबिवलीत राहतो. गप्पी, एंजल, गोल्डफिश यांच्यात बारा वर्षं काढली आहेत, त्यामुळे गोड्या पाण्यातलं थोडंफार कळतं. खाऱ्या पाण्याचं वेड मात्र त्याच्याही आधीचं. चर्नी रोडला उतरून बाबांचं बोट धरून तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो, तिथल्या एका काचेपुढून मला ओढून न्यावं लागलं होतं म्हणे. नवीन खारी टाकी सगळ्या सामानासकट उभी करायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणून जुनी घेऊन ती स्वतः नीट करायची ठरवलं. तो विचार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

टाकी कळंबोलीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत होती. माणूस तिशीतला, बोलायला गोड. “दादा, द्यायची इच्छाच नव्हती. तीन वर्षं पोरासारखी सांभाळलीय. पण हैदराबादला बदली झाली, काय करणार?” निळ्या लाइटखाली पाणी नुसतं लखलखत होतं. दोन क्लाउनफिश दगडाभोवती फिरत होते. पाणी गार ठेवणाऱ्या मशीनच्या, म्हणजे चिलरच्या डिस्प्लेवर २५.५ अंश. मे महिना होता, खोलीत एसी जोरात सुरू होता. मी काचेवर तळहात ठेवला, गार लागली. तिथेच माझा निकाल लागला.

आता जे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही ते सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

खाऱ्या पाण्याची टाकी वर्षानुवर्षं चालली की झाकणाच्या कडेला, पाइपच्या सांध्यांवर, वायरींवर मिठाचे पांढरे पापुद्रे धरतात. बुडबुडे फुटतात, थेंब उडतात, पाणी वाळतं आणि मीठ मागे राहतं. कितीही पुसलं तरी कुठल्या तरी बेचक्यात ते सापडतंच. या टाकीवर एक कण नव्हता. मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे. स्किमर म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण वर काढणारं यंत्र. त्याच्या वरच्या कपात खरं तर हिरवट-काळपट, नाक मुरडायला लावणारा गाळ साचतो, तोच तर त्याचा उद्योग. इथला कप आरशासारखा स्वच्छ. तीन वर्षांच्या दगडांवर जांभळट-गुलाबी थर चढलेला असतो, एका जातीच्या कठीण शेवाळाचा. इथले दगड मातकट करडे होते. आणि संपमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीखालच्या फिल्टरच्या छोट्या टाकीत, चिलरच्या सेन्सरला टेकून, पाण्याची एक लिटरची बाटली तरंगत होती. “ही कशाला?” “टॉप-अपचं पाणी आहे दादा, हाताशी असलेलं बरं.” बाटलीला बाहेरून दव आलं होतं. फ्रीझरमधून काढलेल्या बाटलीला येतं तसं. हे मी पाहिलं होतं, नीट पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ लागायला दोन महिने गेले.

घासाघीस करून ३८ हजारांवर आलो. ५ हजार टोकन यूपीआयने, उरलेले रोख. पावतीचं विचारलं तर म्हणाला, “भावाभावातला व्यवहार आहे, पावती कसली?” मीही ओशाळून गप्प बसलो. पावती मागितली की समोरच्याचा अपमान होतो, ही आपली खोड माझ्यात जरा जास्तच आहे.

टेम्पोचे साडेतीन हजार झाले. टाकी रिकामी करताना वाळूचा खालचा थर उघडा पडला, तो काळा होता आणि सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. टेम्पोवाल्याने नाकाला रुमाल लावला. विक्रेता म्हणाला, “वाळू अजिबात धुऊ नका दादा, त्यात चांगले बॅक्टेरिया असतात.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. बॅक्टेरिया असतात हे खरं. पण जुना, खोल थर एकदा ढवळला की खाली साठलेली घाण आणि विषारी वायू मोकळे होतात, आणि टाकीत अमोनिया उसळतो. जुनी वाळू टाकून द्यावी किंवा समुद्री पाण्यात पाणी नितळ होईपर्यंत धुवावी, एवढं सोपं उत्तर होतं. मी ती तशीच ओतली.

चार फूट बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण २५५ लिटर. ऐंशी लिटर जुनं पाणी कॅनमधून आणलं होतं. बाकी आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मीठ घोळून रात्री दोनपर्यंत भरलं. बायको एकदाच उठून आली, बादल्यांकडे पाहिलं आणि काही न बोलता परत गेली. तिसऱ्या दिवशी एक क्लाउनफिश गेला. फोन केला तर उत्तर तयार होतं: “प्रवासाचा ताण हो. मी बॅक्टेरियाची बाटली पाठवतो, रात्रीत टाकी सेट होते.” १,८०० रुपये. कुरिअरने आलेली बाटली उघडली तर गुळवणीसारखा वास. ती ओतली, रात्रीत काहीच झालं नाही. होणारही नव्हतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडा-वाळूवर वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. मी मुकाट्याने तेवढे थांबलो. दुसरा मासा जगला, तो कसा जगला हे त्याचं त्याला माहीत.

जून संपता संपता अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. लेकीला घेऊन बाजारात गेलो. पाच गोगलगायी, शंखात राहणारे दोन खेकडे आणि एक क्लीनर झिंगा आणला. लाल पाठीवर पांढरी रेघ, लांबच लांब पांढऱ्या मिशा. टाकीत सोडताना थेंबाथेंबाने पाणी जुळवून घ्यायला दोन तास लावले, त्यात घाई केली नाही. तो खाली उतरला, दोन-चार पावलं चालला आणि मग पाठीवर पडून पाय झाडायला लागला. लेक म्हणाली, “बाबा, तो खेळतोय का?” सकाळपर्यंत झिंगा संपला होता. गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उलट्या पडल्या होत्या. आणि मासा? मस्त. दाणे मागायला वर आला.

क्रॉफर्ड मार्केटजवळ एक जुने दुकानदार आहेत, त्यांच्याकडून मी पूर्वी गप्पींचं खाद्य घ्यायचो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “मासा जगतो आणि झिंगा मरतो ना? मग पाण्यात तांबं आहे. चिलर कुठला?” मी म्हटलं, टायटॅनियमचा. “उघडून बघितलास?”

चिलर तसाही काही थंड करत नव्हता. मे संपला, जून गेला, पाणी ३० अंशांच्या खाली आलं नव्हतं. फोनवर उत्तर मिळायचं की लोड येतोय, पंखा लावा. आमच्या गल्लीतल्या फ्रिजवाल्याला बोलावलं. त्याने गॅलरीत बसून चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि हसला. “दादा, हा तर वॉटर कूलर आहे. वरून पेटी नवीन बनवलीय.” आत तांब्याच्या नळीचं वेटोळं होतं. त्याला हिरवट-निळा कळंक चढला होता, बोट लावलं तर बोटाला आला. एका जागी नळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, तिथूनच गॅस कधीचा निघून गेला होता. तेव्हा ती सेन्सरला टेकवलेली गार बाटली आठवली: डिस्प्लेवरचे २५.५ अंश तिचे होते. म्हणजे खाऱ्या पाण्याने आधी तांबं खाल्लं, मग मशीन. आणि खाल्लेलं सगळं तांबं माझ्या टाकीत.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आजी आम्हाला ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची. मी इथे अडीचशे लिटर पाणी दोन महिने कळकवत बसलो होतो.

तांब्याचं टेस्ट किट मागवलं. रंग ०.३ मिलिग्रॅमच्या खुणेला जुळला. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तांब्याचंच औषध देतात, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम लिटरला, आणि मासे ते सोसतात. झिंगे, गोगलगायी, खेकडे यांना तेवढंही मारक असतं. त्याच्या खोलीतली सगळी जादू इथे होती. त्याने टाकीत फक्त मासे ठेवले होते, आणि नवखा माणूस मासा पोहताना दिसला की पाणी चांगलं समजतो. मी आणलेलं जुनं पाणी दोन कॅनमध्ये उरलं होतं, तेही नंतर खारटपणा मोजणाऱ्या चांगल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं. विशिष्ट गुरुत्व १.०१७ भरलं. समुद्राचं पाणी १.०२५ च्या आसपास असतं. मीठसुद्धा वाचवलं होतं पठ्ठ्याने.

फोन केला. आधी दादा-दादा, मग आवाज चढला. शेवटी म्हणाला, “पोलिसात जायचंय ना? जा. त्या दगडांत कोरल आहे. ते आता तुमच्या घरात आहे, माझ्या नाही.” आणि फोन ठेवला.

हे वाक्य त्याने पहिल्यांदा वापरलं नसावं, इतकं ते तयार होतं. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रघोड्यालाही याच कायद्याचं संरक्षण आहे. प्रवाळाचा मेलेला सांगाडासुद्धा विकणं-बाळगणं चालत नाही. दगडांत फांद्यांसारखे दोन पांढरट तुकडे होते, ते मला शोभेचे वाटले होते. त्या रात्री झोप आली नाही, फसवलं गेल्याच्या रागापेक्षा भीतीच जास्त होती. गिऱ्हाईक घाबरून गप्प बसतं, हाच त्याचा विमा. बायको म्हणाली, “चोरी तू केली नाहीस, मग लपवतोस कशाला?” सकाळी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. तुकडे नेऊन दिले, कुठून आले ते लिहून दिलं. पोलीस ठाण्यात अर्जही दिला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून पहिला प्रश्न विचारला, “पावती?” माझ्याकडे ५ हजारांच्या यूपीआयचा एक स्क्रीनशॉट होता, आणि त्यात नाव भलत्याच कोणाचं.

पैसे परत आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही. टेम्पो, मीठ, किट, मेलेले जीव धरून आकडा ५२ हजारांच्या वर गेला.

टाकी मी मोडली नाही. काच दहा मिलिमीटरची, चांगली आहे, सिलिकॉनही धड आहे. तेवढी एक गोष्ट त्याने खरी विकली. दगड आणि वाळू मात्र सगळी काढली, कारण तांबं दगडात मुरतं आणि पाणी बदललं की पुन्हा झिरपतं. काच व्हिनेगरने धुतली, पाण्यात तांबं शोषणाऱ्या रेझिनची पिशवी सोडली, कृत्रिम दगड आणले. चिलरऐवजी पाण्यावर वारा मारणारे दोन पंखे लावले. त्यांनी दोन-तीन अंश उतरतात, फक्त पाणी भराभर आटतं आणि रोज गोडं पाणी घालावं लागतं. मासा तेवढे दिवस एका बादलीत स्पंज फिल्टरवर होता. किट तांबं शून्य दाखवायला लागल्यावरही मी तीन आठवडे थांबलो आणि मग एकच गोगलगाय सोडली. रोज सकाळी चहाच्या आधी ती काचेवर कुठवर पोचली ते बघायचो. नवव्या दिवशी ती वरच्या कडेला होती.

कोणी जुनी टाकी बघायला निघालं असेल तर तांब्याचं आणि नायट्रेटचं किट खिशात घेऊन जा, दोन्ही मिळून माझ्या टेम्पोच्या भाड्याइतकेही पडत नाहीत. तीन वर्षं चालू म्हणवणाऱ्या टाकीत नायट्रेट ठार शून्य निघालं तर ती बहुधा परवा भरलेली आहे. खोलीतला एसी बंद करायला सांगा आणि तासभर बसा, चहा मागा हवं तर. संपमध्ये हात घालून बघा. आणि टाकीत मासे सोडून काय जिवंत आहे ते विचारा. एक साधी गोगलगाय काचेवर फिरताना दिसली तर मला दहा पावत्यांपेक्षा जास्त भरवसा वाटेल.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, बदली आता बंगळुरूला. फोटोत टाकी वेगळी, पण मागचा फुलाफुलांचा पडदा तोच आणि कोपऱ्यात एसीच्या पाण्याचा डाग तोच. ‘चालू सेटअप, टायटॅनियम चिलर.’ मी बायकोच्या फोनवरून लिहिलं: चिलरचं झाकण उघडून आतला फोटो पाठवता का? दोन निळ्या टिका आल्या. मग त्याचा डीपी गायब झाला.